लायब्ररीच्या पुस्तकावर बारकोड नेमका कुठे चिकटवायचा

वाचनालय कॉम्प्युटराइज करायचं ठरलं की सगळी चर्चा सॉफ्टवेअरची होते, कोहा घ्यायचं की ई-ग्रंथालय की सोल, डेटा एन्ट्री कोण करणार, प्रिंटर कुठला, आणि बारकोडचं लेबल पुस्तकावर कुठे लावायचं हे मात्र कोणी ठरवतच नाही. लेबलांची शीट्स छापून आली की सुट्टीत मदतीला बोलावलेली मुलं टेबलाशी बसतात आणि ज्याला जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तो लावतो, एकाचं पुढे, एकाचं मागे, एकाचं आतल्या पानावर, एखादं तर थेट लेखकाच्या नावावर. उद्या सॉफ्टवेअर बदललं तर डेटा एक्सपोर्ट करून दुसरीकडे नेता येतो, पण वीस हजार पुस्तकांवर चिकटलेली लेबलं उचलून दुसरीकडे लावता येत नाहीत, लेबल ओढलं की कव्हरचा छापील थरच त्याच्याबरोबर निघून येतो. म्हणून हा निर्णय सगळ्यात आधी घ्या, लेबलं छापायच्याही आधी, कारण जागा ठरल्याशिवाय लेबलाचा साइजच ठरत नाही.

घाईत असाल तर थोडक्यात उत्तर असं: सार्वजनिक वाचनालय असेल तर मलपृष्ठावर, वरच्या बाजूला, कण्याकडच्या (म्हणजे पानं बांधलेली असतात त्या बाजूच्या) कोपऱ्यात, वरच्या कडेला समांतर. कॉलेजची लायब्ररी असेल, दरवर्षी पूर्ण ग्रंथपडताळणी, म्हणजे नोंदीतलं प्रत्येक पुस्तक कपाटात आहे का याची तपासणी, करावी लागत असेल, तर मुखपृष्ठावर वरच्या डाव्या कोपऱ्यात. आणि दोन्ही ठिकाणी तोच नंबर टायटल पेजवर हाताने किंवा दुसऱ्या लेबलाने असलाच पाहिजे. आता हे असं का ते सविस्तर.

आधी नंबर

बारकोड म्हणजे दुसरं काही नाही, तुमच्या दाखल नोंदवहीतला क्रमांक रेघांमध्ये लिहिलेला. स्कॅनर कीबोर्डसारखं काम करतो, रेघा वाचून तो नंबर टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो, बास. बरेच जण विचारतात की पुस्तकावर छापील बारकोड आहेच ना मागे, ९७८ ने सुरू होणारा, तोच वापरू की. तो आयएसबीएन आहे, एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींना एकच असतो, तुमच्याकडे एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर कुठली प्रत कोणाकडे गेली हे त्यावरून कळणारच नाही. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांच्या मोठ्या भागावर आयएसबीएन नसतोच. तेव्हा आपला नंबर आपलाच हवा आणि प्रत्येक प्रतीला वेगळा हवा.

इथे आपल्याकडच्या वाचनालयांत एक खास अडचण येते. बालविभागाचं रजिस्टर वेगळं, संदर्भ विभागाचं वेगळं, काही ठिकाणी देणगी पुस्तकांचंही वेगळं, आणि प्रत्येक रजिस्टर एक नंबरपासून सुरू झालेलं. म्हणजे ४५२ नंबरची पुस्तकं तीन. कागदावर ते चालून जातं कारण कपाटं वेगळी असतात, पण कॉम्प्युटरला एक नंबर दोनदा दिला की तो घेत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे विभागाचं एक इंग्रजी अक्षर नंबरच्या आधी जोडायचं, बालविभागाला बी, संदर्भाला आर, असं काहीतरी, आणि मुख्य रजिस्टर नुसतं आकड्यांत ठेवायचं. अक्षर इंग्रजीच हवं आणि आकडेही इंग्रजीच हवेत, कारण बारकोडचे नेहमीचे दोन प्रकार, कोड ३९ काय आणि कोड १२८ काय, दोन्हीत देवनागरी बसत नाही. लेबलावर वरच्या ओळीत वाचनालयाचं नाव मात्र मराठीत छान छापता येतं, ते जरूर छापा.

आणि एक्सेलमध्ये नंबरांची यादी करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून फॉरमॅट करा, नाहीतर ००४५२ मधली पुढची शून्यं एक्सेल गुपचूप खाऊन टाकतं आणि लेबलावर एक नंबर, डेटाबेसमध्ये दुसराच असं होतं.

पुढे, मागे की आत

जागा ठरवताना एवढंच बघायचं की हे लेबल कोण, कधी आणि कुठल्या हाताने वाचणार आहे. दोन प्रसंग महत्त्वाचे, देवघेवीचं काउंटर आणि ग्रंथपडताळणी.

आतल्या पानावर लावायची पद्धत आपल्याकडे खूप आहे, विशेषतः जिथे आधीपासून टायटल पेजवर आणि सिक्रेट पेजवर (प्रत्येक पुस्तकात वाचनालयाने ठरवलेलं एक आतलं पान) शिक्का मारून दाखल क्रमांक लिहायची सवय आहे तिथे. फायदा खरा आहे, लेबल घासलं जात नाही, ऊन लागत नाही, कव्हर फाटलं तरी टिकतं. पण प्रत्येक देवघेवीला पुस्तक उघडायचं, पान शोधायचं, ते सपाट धरायचं आणि मग स्कॅन करायचं. संध्याकाळी सहा ते आठच्या गर्दीत प्रत्येक सभासदाचं एक पुस्तक आणि एक मासिक, घ्यायचं एकदा आणि जमा करायचं एकदा, प्रत्येक वेळी ही उघडझाप. बारकोड आणला तो वेळ वाचावा म्हणून, आणि तो वेळ पान शोधण्यात गेला तर रजिस्टरच बरं होतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्रच आहे, वाचकाचा वेळ वाचवा. त्यामुळे मुख्य लेबल बाहेरच हवं असं माझं ठाम मत आहे.

मुखपृष्ठ की मलपृष्ठ यात मात्र दोन्ही बाजूंना खरोखर वजन आहे.

मुखपृष्ठाची बाजू अशी की पुस्तक टेबलावर ठेवताना माणूस ते सरळच ठेवतो, उलटवावं लागत नाही. आणि कपाटासमोर उभं राहून पडताळणी करताना तर मुखपृष्ठच सोयीचं पडतं, ते कसं ते करून बघा. पुस्तक कपाटात उभं आहे, कणा तुमच्याकडे. अशा वेळी मुखपृष्ठ उजवीकडे असतं आणि मलपृष्ठ डावीकडे. डाव्या हाताच्या बोटाने कण्याचं वरचं टोक धरून पुस्तक आपल्याकडे थोडं कलतं केलं की पहिल्यांदा बाहेर येतो तो कण्याजवळचा वरचा कोपरा. मुखपृष्ठावर त्या कोपऱ्यात लेबल असेल तर उजव्या हातातला स्कॅनर सरळ त्याच्यावर येतो, पुस्तक पूर्ण काढावंच लागत नाही, कलतं करा, बीप, मागे ढकला, पुढचं. लेबल मलपृष्ठावर असेल तर स्कॅनर डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने पुस्तक कलतं करायचं, जमतं ते पण सवय लागते. आणि लेबल खाली असेल किंवा कडेच्या बाजूला, म्हणजे पानं उघडतात त्या बाजूला असेल, तर प्रत्येक पुस्तक पूर्ण बाहेर काढून परत आत घालावं लागतं, हजारो पुस्तकांना हे केलं की खांदा बोलायला लागतो आणि कणेही फाटतात. म्हणून पुढे लावा किंवा मागे लावा, पण वर आणि कण्याकडे, हे पक्कं.

कण्याकडेच का याला अजून एक कारण आहे. पुस्तक हातात धरताना अंगठा नेहमी उघडत्या बाजूला किंवा खाली येतो, घाम, तेल, सगळं तिथेच लागतं, आणि मुडपतात तेही उघडत्या बाजूचेच कोपरे. कण्याजवळचा वरचा कोपरा हा अख्ख्या कव्हरवरचा सगळ्यात सुरक्षित तुकडा आहे.

मग सार्वजनिक वाचनालयांना मी मलपृष्ठ का सुचवतो? कारण मराठी मुखपृष्ठं. दीनानाथ दलालांचं चित्र असलेलं जुनं पुस्तक, कमल शेडगेंनी काढलेली शीर्षकाची अक्षरं, यांच्यावर पांढरा चौकोन डकवणं मला पटत नाही, आणि आपल्याकडे शीर्षक किंवा लेखकाचं नाव बरेचदा वरच्या बाजूलाच असतं, म्हणजे नेमकं तेच झाकलं जातं. वाचक टेबलावर मांडलेल्या नव्या पुस्तकांतून पुस्तक निवडतो ते मुखपृष्ठ बघून, ती निवड बिघडवू नये. कॉलेजात विद्यार्थी पुस्तक कॅटलॉगवरून किंवा सरांनी सांगितलं म्हणून घेतो, तिथे हा मुद्दा तितका लागू नाही.

मलपृष्ठावरची अडचण म्हणजे तिथे मजकूर असतो, आणि तो वाचूनच अर्धे सभासद पुस्तक घरी न्यायचं की नाही ते ठरवतात. मजकुराची पहिली ओळ झाकली तर चिडतात, बरोबरच आहे. यासाठी लेबल अरुंद घ्यायचं, मजकुराच्या वर जो मोकळा समास असतो त्यात बसेल असं. हे पुढे साइजमध्ये सांगतो. तरीही बसत नसेल तर लेबल कण्याच्या बाजूने खाली सरकवायचं, पण कण्याची बाजू सोडायची नाही, म्हणजे शोधणाऱ्याची नजर एकाच उभ्या पट्ट्यात राहते. मलपृष्ठाच्या खालच्या भागात मात्र अजिबात नको, तिथे किंमत असते आणि आयएसबीएनचा बारकोड असतो, दोन बारकोड शेजारी आले की स्कॅनर कधी हा वाचतो कधी तो, आणि काउंटरवरच्या माणसाला कळतही नाही की नंबर चुकीचा गेला.

लेबल लावायचं कसं

वरच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर खाली आणि कण्याजवळची जी खाच असते, कव्हर उघडताना जिथे दुमडतं, तिथून एक सेंटिमीटर आत. खाचेवर लेबल आलं की पुस्तक उघडताना प्रत्येक वेळी ते दुमडणार, काही महिन्यांत चीर पडणार आणि रेघा तुटणार. पेपरबॅकला खाच दिसत नाही पण वाचून वाचून एक दुमड पडतेच, ती कुठे पडेल याचा अंदाज घेऊन थोडं जास्त आत लावा.

दर वेळी पट्टीने मोजत बसू नका. जाड पुठ्ठ्याचा एल आकाराचा तुकडा कापा, दोन्ही भुजा एक सेंटिमीटर रुंद. एक भुजा वरच्या कडेला टेकवायची, दुसरी खाचेला, आतल्या कोनात लेबलाचा कोपरा बसवायचा आणि पुठ्ठा काढून घेऊन वरून कापडाने दाबायचं. प्रत्येक टेबलावर असा एक तुकडा ठेवा, कोणीही बसलं तरी लेबल त्याच जागी येतं.

माणसं तीन असतील तर उत्तम. एक जण पुस्तक उघडून टायटल पेजवरचा दाखल क्रमांक मोठ्याने वाचतो, दुसरा तो नंबर शीटवर बघून लेबल काढून लावतो, तिसरा लगेच स्कॅन करून स्क्रीनवर आलेलं नाव आणि हातातल्या पुस्तकाचं नाव जुळतंय का बघतो. ही तिसरी पायरी कोणाच्याही सांगण्यावरून गाळू नका. शीटवरचं एक लेबल चुकून पुढच्या पुस्तकाला गेलं की तिथून पुढची सगळी एकेक घर सरकतात, आणि ते कळतं तेव्हा पुस्तकं कपाटात गेलेली असतात. दोघेच असाल तर वाचणाऱ्यानेच स्कॅनर हातात ठेवावा.

वर्गांकाचं, म्हणजे विषयाप्रमाणे दिलेल्या नंबरचं, लेबल कण्यावर खाली असतं ते तसंच राहू द्या, त्याचा याच्याशी संबंध नाही. बारकोड मात्र कण्यावर लावू नका, जाड पुस्तक दिसलं की मोह होतो, पण गोल पृष्ठभागावर रेघा वळतात आणि स्कॅनरला कडेच्या रेघा दिसत नाहीत.

साइज आणि छपाई

लेबलाच्या ए-फोर शीटमध्ये दोन प्रकार कामाचे. एक ६५ लेबलांची शीट, एक लेबल ३८ बाय २१ मिलिमीटर. दुसरी ८४ लेबलांची, ४६ बाय ११ मिलिमीटर, ही लांबट आणि बुटकी असते आणि मलपृष्ठाच्या वरच्या समासात मजकुराला धक्का न लावता बसते, म्हणून मागे लावणार असाल तर हीच घ्या. ११ मिलिमीटरमध्ये वाचनालयाचं नाव, रेघा आणि आकडे तिन्ही बसवायचे तर नाव अगदी बारीक ठेवावं लागेल, चालेल, पण आकडे वाचता येतील एवढे मोठेच हवेत. लाईट गेली किंवा लेबल खराब झालं की ते आकडेच बघून नंबर हाताने टाकायचा असतो.

कोड ३९ आणि कोड १२८ मधला फरक इथे जाणवतो. कोड ३९ चा फॉन्ट फुकट मिळतो, नंबरच्या दोन्ही बाजूंना स्टार टाकला की झालं, कोहाच्या लेबल क्रिएटरमध्येही तो आहे. स्टार विसरलात तर रेघा दिसतात छान पण स्कॅनर ढिम्म. पण हा कोड जागा फार खातो. सहा आकडी नंबर, सगळ्यात बारीक रेघ पाव मिलिमीटर धरली, तर दोन्ही कडांच्या मोकळ्या जागेसकट त्याला साधारण ३७ मिलिमीटर लागतात. म्हणजे ३८ च्या लेबलात तो कडेला टेकतो, प्रिंटरमध्ये शीट किंचित सरकली की एक रेघ शेजारच्या लेबलावर. कोड १२८ मध्ये आकडे जोडीजोडीने बसतात, तोच नंबर साधारण २२ मिलिमीटरमध्ये येतो, शिवाय त्यात तपासणीचा अंक आपोआप असतो त्यामुळे चुकीचं वाचन जवळपास होत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमधून कोड १२८ निघत असेल तर तोच काढा. कडेची मोकळी पांढरी जागा कापू नका, सजावटीची चौकट रेघांना लावू नका, स्कॅनरला सुरुवात आणि शेवट तिथूनच कळतो.

रंग काळाच. बहुतेक स्कॅनरचा उजेड लाल असतो, लाल शाईच्या रेघा त्याला पांढऱ्याच दिसतात. प्रिंटर लेझर घ्या किंवा रिबनवाला थर्मल ट्रान्सफर. साध्या इंकजेटची शाई पावसाळ्यात ओल्या बोटानेही पसरते, कोकणात तर नकोच नको. आणि रिबन नसलेला थर्मल, दुकानाच्या बिलासारखा, तो स्वस्त पडतो पण उष्णतेने कागद काळा पडतो आणि उजेडाने छपाई उडते. पुस्तक दहा-वीस वर्षं फिरणार आहे, तिथे हा कागद चालत नाही.

प्लॅस्टिक, जॅकेट आणि बाइंडिंग

पुस्तकाला पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घालत असाल तर लेबल प्लॅस्टिकच्या आत, पुस्तकावरच. वरून लावलं तर कव्हर बदललं की लेबल गेलं. चकचकीत प्लॅस्टिकवर कधी कधी स्कॅनर वाचत नाही कारण उजेड सरळ परत येतो, स्कॅनर काटकोनात न धरता थोडा तिरका धरला की वाचतो, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला एकदा दाखवून ठेवा. लेबलावर साधी सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, कडेने चिकट द्रव सुटतो, शेजारचं पुस्तक त्याला चिकटतं. संरक्षण हवंच असेल तर लेबलासाठीची पारदर्शक फिल्म मिळते ती लावा.

सुटं जॅकेट असलेल्या पुस्तकाला लेबल जॅकेटवर लावायचं तर जॅकेट आधी पुठ्ठ्याला पक्कं करा, नाहीतर लेबल सरळ पुठ्ठ्यावर लावा आणि जॅकेट काढून ठेवा. जॅकेट एका घरी आणि पुस्तक दुसऱ्या घरी असं वाचनालयात होतंच.

आणि बाइंडिंग. आपल्या वाचनालयांत पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे जातं, तो मूळ कव्हर काढून पुठ्ठा आणि रेक्झिन चढवतो, तिन्ही कडा कापतो, आणि बारकोड कव्हरसकट कचऱ्यात. म्हणूनच टायटल पेजवर नंबर हवाच हवा, आणि तोही अगदी कडेला नको, कटिंगमध्ये जाईल. बाइंडिंगला पाठवायचा गठ्ठा बांधायच्या आधी प्रत्येक पुस्तक स्कॅन करून यादी काढा, त्याच यादीवरून नवी लेबलं छापून ठेवा, पुस्तकं परत आली की कपाटात जायच्या आधी लेबल. शक्य असेल तर बाइंडरला सांगा की मूळ मुखपृष्ठ आत चिकटवून दे, चांगले बाइंडर देतात. जी पुस्तकं आत्ताच मोडकळीला आलेली दिसतायत त्यांना लेबलं लावण्यात वेळ घालवू नका, आधी बाइंडिंग, मग बारकोड.

दिवाळी अंकांचं सोपं आहे. मागच्या कव्हरवर बहुतेक वेळा पानभर जाहिरात असते, तिथे वर कण्याकडे लेबल लावा, काहीच झाकलं जात नाही. अंक पातळ आणि मऊ असतो, हातात धरला की वाकतो, म्हणून स्कॅन करताना टेबलावर सपाट ठेवा. बालविभागातली आडवी पुस्तकं, चौकोनी पुस्तकं, यांनाही तोच नियम, मागे वर कण्याकडे, आकार कसाही असो.

दुर्मिळ पुस्तकांना मात्र काही चिकटवू नका. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, अशी आपल्याकडे जुनी वाचनालयं आहेत आणि लहान गावांतही शंभरी ओलांडलेल्या संस्था आहेत, त्यांच्या कपाटांत एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं असतात. लेबलाचा गोंद त्या कागदाला डाग पाडतो आणि परत निघत नाही. आम्लरहित कागदाची लांब पट्टी घ्या, तिच्या वरच्या टोकाला लेबल लावा आणि पट्टी पुस्तकात अशी ठेवा की टोक बाहेर दिसेल. पट्टी इकडची तिकडे होऊ शकते म्हणून तिच्यावर पुस्तकाचं नाव पेन्सिलने लिहून ठेवा. अशी पुस्तकं घरी जात नाहीत, जागेवरच वाचायची असतात, त्यामुळे हे पुरतं.

आधीच वेगवेगळ्या जागी लेबलं लागलेली असतील तर ती खरवडू नका. रेघा स्कॅन होतायत तोवर राहू द्या. आजपासून येणारं प्रत्येक नवं पुस्तक ठरलेल्या जागी, बाइंडिंगहून येणारं प्रत्येक पुस्तक ठरलेल्या जागी, आणि जुन्यांपैकी ज्याचं लेबल स्कॅन होत नाही ते काउंटरवर आलं की तेव्हाच बाजूला काढून त्याला नवं लेबल. जुनं लेबल राहणार असेल तर त्याच्या रेघांवर काळ्या मार्करने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक जाड फुली मारा, नाहीतर एका पुस्तकावर दोन चालू बारकोड राहतात. बदललेली लेबलं कुठली ते एका वहीत तारखेसह लिहीत जा, पुढच्या ग्रंथपडताळणीला ती वही सोबत घ्या.